चौथ्या मजल्यावरचा वाटा

३ जून

दादा,

आपली ओळख नाही. तुमच्या अप्पांच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' या रकान्यात तुमचं नाव आहे, खाली जहाज कंपनीच्या बंदरातल्या ऑफिसचा पत्ता आहे, तेवढ्यावर हे पत्र लिहितेय. फोन नंबरच्या जागी अप्पांनी 'समुद्रात लागत नाही' असं लिहून ठेवलंय.

मी वस्तीतल्या जेवण केंद्रात काम करते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही दुपारचा डबा घरपोच देतो. माझ्याकडे बावीस घरं आहेत, त्यातलं एक तुमचं. अप्पांचं नाव यादीत आलं त्याला आता तीन महिने झाले. तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सात महिने बंद आहे आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान शटर ओढून गेलं ते गेलंच, हे त्यांनी तुम्हाला कळवलं असेल. नसेल कळवलं तर माझ्याकडून कळलं असं सांगू नका.

आता मुद्द्याचं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही सगळ्यांचं वजन करतो. काटा माझ्याच पिशवीत असतो. मार्चमध्ये अप्पा एकोणसाठ किलो होते. परवा साडेत्रेपन्न भरले. मी त्यांना दोनदा उतरवून पुन्हा चढवलं. ते म्हणाले, "काटा बिघडलाय, पोरी. मी चाळीस वर्षं कंपाउंडर होतो, मला वजनं कळतात." पण पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवीन भोक पाडलंय, ते काही काट्यानं पाडलेलं नाही.

डबा रोज धुऊन स्वच्छ परत येतो. शीत राहत नाही. विचारलं की म्हणतात, पोटभर जेवलो. मग माणूस वाळतो कसा? डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, हे खात नाहीयेत. मी म्हटलं, खातात. ते म्हणाले, तुम्ही बघितलंय का? बघितलं नव्हतं, एकवीस घरं पुढे असली की बसून बघायला वेळ नसतो.

म्हणून विचारते. त्यांना आधीपासून काही न सोसणारं आहे का? दातांचं काही? मनाला काही लागलंय का? तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला माहीत असेल. त्यांना मी लिहिल्याचं कळू देऊ नका, मला दारात उभं करणार नाहीत.

— डबे पोचवणारी

२१ जून

ताई,

तुमचं पत्र बंदराला लागल्यावर मिळालं. अप्पांचंही एक होतं त्याच गठ्ठ्यात. त्यात लिफ्टचा शब्द नाही. तब्येत उत्तम, डबा चविष्ट, 'फक्त आताशा चिमणीच्या मापानं येतो, पण या वयात तेवढंच बरं', असं लिहिलंय.

चिमणीच्या मापानं. हा शब्द मी चार वेळा वाचला.

मी इथे आचारी आहे. एकतीस माणसांना तीन वेळ जेवायला घालतो. माझे अप्पा लहानपणापासून ताटात वाढलेलं पुसून खाणारे. दात त्यांचे माझ्यापेक्षा बरे आहेत. मनाला लावून घेणारा माणूस तो नव्हे, आई गेली त्या दुपारीही त्यांनी मला जेवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून जेवले. तेव्हा ते खात नाहीत हे मला पटत नाही. त्यांना पुरेसं पोचत नाही हे पटतं.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भांडं चुलीवरून उतरल्यापासून ताटापर्यंत जाताना कुठे कुठे हलकं होतं हे मला शिकवायला नको. बावीस डबे, एक माणूस, बरोबर कुणी नाही. प्रत्येक डब्यातला एक एक चमचा काढला तर कुणाला कळत नाही, आणि घरी एक ताट भरतं. तुमच्या घरी कोण कोण आहे ते मला माहीत नाही. असेल गरज. पण ती माझ्या बापाच्या ताटातून भागवू नका.

कदाचित म्हणूनच तुम्ही आधी लिहिलंत, नंतर कुणी विचारलं तर 'मीच कळवलं होतं' म्हणायला. तसं नसेल तर चौकशीला घाबरायचं कारण नाही. याच टपालानं मी तुमच्या केंद्रप्रमुखांना पत्र पाठवतोय. जहाज परवा सुटेल, पुढचं बंदर पाच आठवड्यांनी. तोवर ते काय ते पाहतील.

— जहाजावरचा आचारी

३० जून

साहेब,

तुमचं पत्र आणि केंद्रप्रमुखांचं बोलावणं एकाच दिवशी आलं. तुमचं पत्र आधी वाचलं म्हणून बरं, नाहीतर त्यांच्यासमोर माझा चेहरा उतरला असता आणि त्यांनी त्याचा भलता अर्थ काढला असता. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. उद्यापासून माझ्या जागी दुसरा माणूस.

माझ्या घरी कोण आहे ते सांगते. मी आणि माझी सासू. दोघी माझ्याच स्वयंपाकावर आहोत, तुमच्या बापाच्या ताटावर नाही. डबे स्वयंपाकघरातून चिकटपट्टी लावून निघतात. ती पट्टी दारात, त्यांच्यासमोर फाडायची असा नियम आहे. अप्पांच्या डब्याची पट्टी रोज तेच फाडतात, कात्रीनं, सरळ रेषेत. एकदा विचारून पाहिलं असतंत तर मी हे सांगितलं असतं.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. जेवण कुठे जातं ते मला कळलंय.

परवा डबा देऊन मी तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत उतरले आणि लक्षात आलं, सहीची वही वरच राहिली. परत चढले तर अप्पांचं दार उघडं, आत कुणी नाही. वरच्या जिन्यात पावलं. तुमचे अप्पा एका हातानं कठडा धरून चौथ्या मजल्याकडे चालले होते. दुसऱ्या हातात वाडगा, त्यावर बशी झाकलेली. एक पायरी चढायचे, थांबायचे, वाडगा छातीशी धरायचे. मला बघून म्हणाले, "पोरी, तू हे पाहिलं नाहीस."

मी म्हटलं, "पाहिलं."

"मग निदान बशी धर. घसरतेय."

वर टेलिफोन ऑफिसात आयुष्य काढलेल्या बाई राहतात, तुम्हाला आठवत असतील. सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. एक्याऐंशी वय. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत. टेबलाशी ताठ बसल्या होत्या, समोर चमचा मांडलेला, आणि आम्हाला बघून म्हणाल्या, "मी आत्ताच जेवले, कंपाउंडर. तुम्ही उगाच त्रास घेता." अप्पा म्हणाले, "जेवण नाही, औषध आहे. घ्या." हे त्यांचं रोजचं बोलणं असावं, कारण दोघंही न हसता बोलले. मग त्या जेवल्या. साहेब, मी आजवर खूप माणसं जेवताना पाहिलीयत. इतकं हळू जेवणारं माणूस पाहिलेलं नाही. संपू नये म्हणून हळू.

भात, भाजी, अंडं, सगळं निम्मं. अप्पा सुरीनं अंड्याचे दोन भाग करतात आणि मोठा भाग वर नेतात. एप्रिलपासून.

बाईंनी आमच्याकडे अर्ज केला होता. नामंजूर झाला. त्यांच्या घराच्या कागदावर पुतण्याचं नाव राहणारा म्हणून लागलंय, म्हणजे कागदावर त्या एकट्या नाहीत. पुतण्या शेवटचा येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली. मी म्हटलं, नाव काढायचा अर्ज करा, मी लिहून देते. म्हणाल्या, "ते नाव काढलं की माझं कुणीच नाही असं सही-शिक्क्यानिशी होईल. राहू दे."

आता माझी अडचण समजून घ्या. डबा दुसऱ्याला दिला तर नाव यादीतून कमी होतं. बाहेर ताटकळणारे पुष्कळ आहेत, म्हणून नियम कडक. चौकशीत मी खरं सांगितलं तर मी सुटते आणि अप्पांचा डबा बंद. नाही सांगितलं तर मी चोर. मला काय करायचं ते कळवा. तुमच्या वडिलांचं आहे, म्हणून विचारतेय.

तुमचं उत्तर पाच आठवडे येणार नाही हे ठाऊक आहे. तरी लिहिलं.

— डबे पोचवणारी

११ जुलै

साहेब,

अप्पा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

माझ्या जागी आलेला माणूस जिने चढत नाही. त्याचे गुडघे दुखतात असं तो म्हणतो, दुखतही असतील. तो डबे खाली पत्रपेट्यांजवळच्या बाकड्यावर ठेवतो, एक हाक मारतो आणि जातो. हे मला काल कळलं. दहा दिवस घरात बसले होते, काल राहवेना म्हणून गेले. कामावर नाही, नुसती गेले. बाकड्यावर अप्पांच्या नावाचे दोन डबे होते, एक कालचा, एक परवाचा. मुंग्यांची रांग भिंतीपासून लागली होती.

मी धावत वर गेले. अप्पा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. पाऊल सुजून भोपळ्याएवढं. आठ तारखेला डबा आणायला उतरले आणि परत चढताना पाय मुरगळला. कसेबसे घरात पोचले, पण पुन्हा उतरता येईना. हाका मारल्या म्हणे. दुसरा मजला कुलूपबंद आहे, पहिल्यावरचे बसड्रायव्हर बहिरे. दोन दिवस बिस्किटाच्या अर्ध्या पुड्यावर काढले. त्यातली चार बिस्किटं खिशात होती, रुमालात बांधलेली. वर न्यायला निघाले होते, बसत बसत, एकेक पायरी मागे सरकत.

मला म्हणाले, "वरून काठी वाजली नाही. बाई रोज सकाळी चहा झाला की जमिनीवर तीनदा काठी आपटतात. काल नाही, आज नाही."

मी वर जाऊन दार बडवलं. आत काही नाही. समोरच्या गल्लीतून कुलूपवाला आणला. त्याला यायला पंचवीस मिनिटं लागली आणि कुलूप उघडायला दोन. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या, कुशीवर. डोळे उघडे. मी वाकले तर म्हणाल्या, "लाइन चालू आहे का?" त्या कुठे होत्या कुणास ठाऊक. मी म्हटलं, "चालू आहे, बोला."

खिडकीत वर्तमानपत्रावर चहाची पूड वाळत घातली होती. उकळून उकळून पांढरी पडलेली. डब्यांमध्ये मीठ होतं आणि काडेपेटी. बाकी काही नाही. मी सगळी कपाटं उघडून पाहिली, कारण माझा विश्वास बसेना.

इस्पितळात नेलं. चौतीस किलो. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उपाशी माणसाला एकदम खाऊ घातलं तरी दगावतं. थेंब थेंब चालू आहे. वाचतील की नाही ते सांगत नाहीत.

आज चौकशी होती. मला विचारलं, अप्पांचं जेवण कुठे जात होतं. मी म्हटलं, माहीत नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, "मग तुमच्यावर येतंय, बाई." मी म्हटलं, येऊ द्या. कबुलीवर सही मागितली, ती केली नाही.

तुम्ही पाठवलेला कागद त्यांच्या टेबलावर होता. अक्षर चांगलं आहे तुमचं.

— डबे पोचवणारी

२ ऑगस्ट

ताई,

तुमची दोन्ही पत्रं आज एकदम हातात आली. मी तारखा न बघता दुसरं आधी फोडलं. 'अप्पा जिवंत आहेत' हे पहिलं वाक्य लिहिलंत, त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवेत. बाकी कशाबद्दल काय धरायचं ते मला कळत नाही.

मी लगेच बंदरातून केंद्राला फोन केला. तक्रार मागे घेतो म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला, तक्रार मागे घेता येते, चौकशी नाही. जेवण कुठे गेलं याचं उत्तर फाइलला लागतं. तेव्हा तुम्ही खरं सांगून टाका. अप्पांचं नाव गेलं तर जाऊ दे. तुम्ही कुणाला वाचवण्यासाठी चोर ठरायचं काही कारण नाही, आणि माझ्या बापासाठी तर मुळीच नाही.

मला एवढ्या सहज संशय का आला ते सांगायला हवं. हे मी अप्पांनाही सांगितलेलं नाही. जहाजावर येण्यापूर्वी मी दोन वर्षं एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यात होतो. रोग्यांच्या दुधातलं एक मोठं भांडं मी रोज बाजूला काढायचो आणि तेवढं पाणी ओतायचो. गरज नव्हती. सगळे करायचे म्हणून करायचो. एकदा एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "आज गाय पावसात भिजली का रे?" सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हतो, स्वतःला ओळखत होतो. तेच तुमच्या अंगावर टाकलं.

ऑपरेटरबाई मला आठवतात. शाळेत असताना जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "नंबर सांगा." मी कुठलाही आकडा सांगायचो आणि त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "बिझी आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा." अप्पा त्यांच्यासाठी उपाशी राहिले यात मला नवल वाटत नाही. मला सांगितलं नाही याचं वाटतं.

त्या कशा आहेत? एक ओळ तरी टाका. जहाज इथे दुरुस्तीला थांबलंय, पत्र मिळेल.

— आचारी

९ ऑगस्ट

मुला,

पाय बरा आहे. काठी लागते. बाई वाचल्या.

तू त्या पोरीबद्दल काय लिहिलंस ते मला तिनं सांगितलं नाही, केंद्रप्रमुखांनी वाचून दाखवलं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण निम्मा दोष माझा आहे. 'चिमणीच्या मापानं' हे मी लिहिलं. तुला काहीतरी खरं लिहावंसं वाटलं आणि सगळं खरं लिहायचं नव्हतं. पातळ केलेलं औषध असंच नडतं.

तुला का सांगितलं नाही, तर तू समुद्रात बसून काय करणार होतास? नुसती काळजी. ती करायला इथे मी होतो.

तीन तारखेला मी केंद्रात गेलो. उतरायला अर्धा तास लागला, पुढे रिक्षा मिळाली. केंद्रप्रमुख तरुण आहेत, तुझ्याहून लहान. मी म्हटलं, "डबा मी वाटत होतो. निम्मा. एप्रिलपासून. त्या पोरीचा काही संबंध नाही."

ते म्हणाले, "आजोबा, हे लिहून दिलंत तर मला तुमचं नाव कमी करावं लागेल. नियम माझ्या हातात नाहीत."

मी म्हटलं, "जिने आहेत ना? ते चढून या."

आले. मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकायला लागले, तिथे मी त्यांना बसायला लावलं. चौथ्यावर बाईंचं घर उघडून दाखवलं. चहाची पूड अजून खिडकीत होती, ती पोरगी मुद्दाम ठेवून गेली होती. त्यांनी वाकून ती पूड बघितली. मग मला म्हणाले, "यांचा अर्ज मीच नामंजूर केला होता. फाइलवर पुतण्याचं नाव होतं, मी पुढची फाइल घेतली." दुसऱ्या दिवसापासून पोरगी कामावर आहे. तिच्या जागेवरचा माणूस आता तळमजल्याची घरं करतो.

पाच तारखेला बाईंना सोडलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला द्यायचं, आणि एकटं ठेवायचं नाही, अशी चिठ्ठी दिली. चौथ्या मजल्यावर ठेवून काय उपयोग, म्हणून त्यांना खुर्चीतून तिसऱ्यापर्यंत आणलं आणि तुझी खोली दिली. तुझी पुस्तकं पलंगाखाली सरकवली आहेत. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, आम्हा दोघांचं मिळून वय दीडशेच्या वर आहे.

कालच केंद्रप्रमुख नवीन फॉर्म घेऊन स्वतः आले. आधीचं मिटवून टाकू म्हणाले, दोघांची नावं नव्यानं घालू. पहिलाच प्रश्न, एकटे राहता का? मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून म्हणाले, "मी जरा बाहेर बघतोय, आजोबा. तुम्ही काय ते लिहा."

भला माणूस आहे. पण मी चाळीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आत आहे तेच बाहेर लिहायचं. मी मोठ्यानं 'नाही' म्हटलं आणि तेच लिहिलं. आत बाई जाग्या होत्या, त्यांनी ऐकलं असावं, कारण मग म्हणाल्या, "कंपाउंडर, 'हो' लिहिलं असतंत तर मी उद्या वर गेले असते."

तेव्हा आता आमच्या दोघांचाही डबा बंद आहे. 'सोबत राहणाऱ्यांसाठी' फॉर्ममध्ये जागा नाही, ते वरती लिहिणार आहेत. वरती म्हणजे कुठे ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. तोवर मी भात लावतो. पाव शेजारच्या गल्लीत मिळतो, एक दिवसाआड उतरतो. पोरगी तिच्या घरून काहीबाही आणते आणि उरलं म्हणून आणलं असं सांगते. तिच्या सासूच्या तोंडचं असेल. मला ते घशाखाली उतरत नाही, पण बाईंसाठी ठेवून घेतो.

वजन चौपन्न. काटा बिघडलेला नव्हता.

— अप्पा

२५ ऑगस्ट

ताई,

अप्पांचं पत्र मिळालं. त्यांनी मला ये म्हटलेलं नाही. कधीच म्हणणार नाहीत.

मी जहाज सोडतोय. कप्तान म्हणाला, करार संपायला चार महिने आहेत, विचार कर. मी म्हटलं, एकतीस धडधाकट माणसांना मी वेळेवर जेवायला घालतोय आणि माझ्या घरी दोन माणसं एक दिवसाआड पाव आणून जगतायत. माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत थांबावं लागेल. बारा सप्टेंबरला पोचेन.

आल्यावर अप्पांच्या आणि बाईंच्या जेवणाचं मी बघतो. पण इथे बसून डोक्यात एक चाललंय. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही त्या दारांवरून रोज जाता. मला पुष्कळ लोकांचं रांधायची सवय आहे, उलट थोड्यांचं करायचं विसरलोय. अप्पांच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आहेत. आठ-दहा माणसांचं दुपारचं मी सहज करीन. पोचवायला तुमच्या वेळेत तुम्ही येऊ नका, तो तुमच्या कामाचा भंग होईल. जिने मी चढेन. फक्त दारं दाखवा.

माफी मागायची आहे. कशी मागायची ते येत नाही, म्हणून एवढंच लिहितो की मागायची आहे.

— आचारी

४ सप्टेंबर

दादा,

माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर खोटं होईल. तो महिनाभर मी घरात बसले होते तेव्हा शेजारणी मला बघून आवाज खाली आणायच्या. सासूनं एकदा विचारलं, "खरंच काही आणलं नव्हतंस ना गं?" आणि बाई जमिनीवर पडल्या होत्या. तुम्ही दुधाचं लिहिलंत ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बाकी तुम्ही इथे येऊन काय करता ते बघून ठरवीन.

ऑपरेटरबाई सदतीस किलो झाल्यात. आवाज अजून कापतो. अप्पांशी मीठ कमी पडलं यावरून भांडतात, म्हणजे बऱ्या होतायत.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पहिल्या मजल्यावरचे बसड्रायव्हर, त्यांना लेक आहे म्हणून अर्ज फेटाळला. लेक परगावी आहे आणि ते बहिरे आहेत, दार वाजवून उपयोग नाही, खिडकीत रुमाल हलवायचा. त्यांना मऊ लागतं. पलीकडच्या इमारतीत दोघी बहिणी, एकमेकींसोबत राहतात म्हणून दोघींनाही नाही. धाकटीला साखर आहे, मोठीला नाही, आणि मोठी धाकटीचं चोरून खाते, तेव्हा डबे वेगळे करा आणि नावं मोठ्या अक्षरात लिहा. लाँड्रीवाल्यांच्या आईला घरचे आहेत, पण घरचे सकाळी सातला जातात आणि संध्याकाळी आठला येतात, आणि शेगडी पेटवायला तिचे हात चालत नाहीत. पोस्टातले निवृत्त काका कुणाकडूनही फुकट घेणार नाहीत. त्यांना चव बघायला दिलीय असं सांगा, रोज सांगावं लागेल. गल्लीच्या टोकाला नवरा-बायको आहेत, नवरा अंथरुणात. बायको त्याला भरवते आणि स्वतः जेवले म्हणते. तिथे दाराशी डबा ठेवून निघू नका, ती जेवेपर्यंत बसा.

आणि मागच्या गल्लीत बेकरीवाले आजोबा. अख्ख्या वस्तीला तीस वर्षं त्यांनी पाव खाऊ घातला. भाच्याचं नाव कागदावर होतं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना सांगून आले, बारा तारखेपासून एक आचारी येतोय, तुमचं नाव घेतलंय. म्हणाले, "पाव कसला करतो ते बघू दे आधी." काल सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. मी केंद्रात जाऊन प्रमुखांना घेऊन आले, ते धावत आले, पण उशीर झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर कारण वार्धक्य लिहिलंय. त्यांच्या स्वयंपाकघराची कपाटं मी उघडली नाहीत. या वेळी प्रमुखांनी उघडली.

तुम्ही विचारलंत तेव्हा आठ माणसं होती. आज सात आहेत. बारा तारीख लांब आहे, दादा. आधी निघता आलं तर निघा.

— डबे पोचवणारी